खोटा शिक्का आणि खोटा माल

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२१ च्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी एक आगळे आंदोलन केले. मोर्चा, धरणे, निवेदन हे प्रकार त्यांना नवे नाहीत. पण या वेळी त्यांनी सरकारने दिलेले मोबाईल फोन गोळा केले आणि सरकारलाच परत नेऊन दिले. पोषण अभियानाच्या नावाने २०१९ साली राज्यात असे एक लाखाहून अधिक फोन वाटण्यात आले होते. दोन जीबी स्मरणशक्तीचे ते यंत्र दोन वर्षांच्या आतच तापू लागले, अडू लागले, बंद पडू लागले. हमीची मुदत संपली आणि दुरुस्तीचे हजारो रुपये सेविकेने आपल्या तुटपुंज्या मानधनातून भरावेत अशी अपेक्षा सुरू झाली. त्यातच केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले. ते या फोनवर धड चालेना, आणि माहिती भरायची तीही इंग्रजीतून. जिने वर्षानुवर्षे कागदी रजिस्टरात बालकांची वजने मराठीतून अचूक नोंदवली, तिच्या नावापुढे काम अपुरे असल्याचा शेरा पडू लागला. दोष यंत्राचा आणि ठपका बाईवर!

या घटनेतील एक गोष्ट नीट लक्षात घेण्याजोगी आहे. परत केलेले हे फोन बनावट नव्हते. त्यांच्यावरील कंपनीचे नाव खरे होते, आतला ओळख क्रमांक खरा होता, खरेदीची कागदपत्रे सरकारी शिक्क्यानिशी होती. जगातील कोणत्याही जकात अधिकाऱ्याने ते तपासले असते तर ‘अस्सल माल’ म्हणून पुढे धाडले असते. तरीही ज्या कामासाठी ते घेतले त्या कामाला ते निरुपयोगी ठरले. याच्या उलट, सीमेवरच्या एखाद्या बाजारात दीड-दोन हजारांना मिळणारा, नामांकित कंपनीची नक्कल करणारा फोन एखाद्या मजुराच्या खिशात तीन-चार वर्षे बिनतक्रार चालतो असेही घडते. खोटा शिक्का ही एक गोष्ट आणि खोटा माल ही दुसरी. या दोहोंची गल्लत कोण करतो आणि त्या गल्लतीची किंमत कोण मोजतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

दळणवळणाच्या बनावट आणि निकृष्ट साधनांविरुद्ध गेली दीड दशके आंतरराष्ट्रीय पातळीवर मोठी खटपट चालू आहे. तिचे मुख्य व्यासपीठ म्हणजे जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. १८६५ साली तारयंत्राच्या काळात जन्मलेली ही संस्था आज संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिवारात आहे. २०१० साली मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे या संघाच्या परिषदेने ठराव क्रमांक १७७ संमत केला. वेगवेगळ्या कारखान्यांतील यंत्रे ठरलेल्या प्रमाणांनुसार आहेत काय आणि ती एकमेकांशी जुळवून घेतात काय, याची पडताळणी हा त्याचा आशय. विकसनशील देशांचा या मागणीला मोठा आग्रह होता, कारण श्रीमंत देशांत जो माल नाकारला जातो तो त्यांच्या बंदरांत उतरतो. पुढे २०१४ साली कोरियातील बुसान येथे बनावट साधनांविरुद्ध ठराव क्रमांक १८८ आणि चोरीच्या फोनविरुद्ध ठराव क्रमांक १८९ आला. २०१६ साली ट्युनिशियातील हम्मामेत येथे या विषयाच्या तांत्रिक अभ्यासाला मान्यता मिळाली, आणि २०१९ साली सदस्य देशांनी कशी यंत्रणा उभारावी याची एक शिफारसवजा चौकट प्रसिद्ध झाली.

या चौकटीचा कणा म्हणजे आयएमईआय या नावाने ओळखला जाणारा पंधरा आकडी क्रमांक. प्रत्येक मोबाईलला असा एक स्वतंत्र क्रमांक असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो पडद्यावर येतो. पहिले आठ आकडे फोनची जात सांगतात, पुढचे सहा त्या एका नगाची ओळख देतात आणि शेवटचा आकडा ही आधीच्या आकड्यांवरून केलेली पडताळणी असते. हे क्रमांक वाटण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सरकारकडे नाही. तो मोबाईल कंपन्यांच्याच एका जागतिक संघटनेकडे आहे. ज्यांनी माल विकायचा त्यांनीच मालाच्या ओळखीचे शिक्के वाटायचे, अशी ही व्यवस्था आहे.

प्रश्न खोटा नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०१३ च्या आकडेवारीच्या आधारे, जगाच्या व्यापारात फिरणाऱ्या दर पाच मोबाईलमागे जवळजवळ एक बनावट असल्याचे म्हटले आहे. अशा फोनच्या बॅटरीचा, चार्जरचा भरवसा नसतो. त्याचा रेडिओ भाग कच्चा असला तर दुर्बल सिग्नलच्या जागी तो आधी तुटतो. आणि डोंगरपाड्यांवर सिग्नल दुर्बलच असतो. हलक्या चार्जरने फोन पेटला तर जळते ते झोपडीचे कूड. तेव्हा ‘गरिबाला स्वस्त मिळते ना, मग चालू द्या’ ही भूमिका समाजवाद्याची असू शकत नाही; ती व्यापाऱ्याची भूमिका आहे.

पण उपाय कसे झाले ते पाहा. केनियाने २०१२ च्या सप्टेंबरअखेरीस सुमारे १९ लाख बनावट फोन एका फटक्यात बंद केले. ज्यांनी ते आयात केले, ज्यांनी घाऊक विकले, त्यांचा नफा केव्हाच खिशात गेला होता. अंधार झाला तो ग्राहकाच्या हातात. भारताने हाच प्रयोग तीन वर्षे आधी केला होता. सुरक्षिततेचे कारण देऊन दूरसंचार विभागाने, ज्या फोनला ग्राह्य ओळख क्रमांक नाही अशा फोनची सेवा ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून बंद करावी असा आदेश दिला. तेव्हाच्या वृत्तपत्रांतून अशा फोनांची संख्या अडीच कोटींच्या घरात असल्याचे अंदाज येत होते. निदान येथे एक पर्याय ठेवला गेला: कंपन्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रात जाऊन १९९ रुपये भरले की जुन्याच फोनमध्ये नवा, अस्सल क्रमांक बसवून मिळे.

या १९९ रुपयांचा अर्थ थोडा थांबून लक्षात घ्यावा असा आहे. फोन तोच राहिला. त्याची बॅटरी तीच, त्याचा कच्चा रेडिओ भाग तोच, त्यातला हलका जोड तोच. फक्त शिक्का बदलला. कालपर्यंत राष्ट्राला धोकादायक असलेले यंत्र आज कायदेशीर झाले. पोलिसांच्या दृष्टीने काम फत्ते झाले असेल. मागच्या गुन्हेगाराचा माग लागावा एवढाच हेतू असेल तर क्रमांक पुरेसा आहे. परंतु ग्राहकाच्या पदरात काय पडले? त्याने खोट्या मालावर खरा शिक्का मारून घेण्याचे पैसे दिले, इतकेच. आणि तो शिक्काही किती पक्का? २०२० साली मेरठ पोलिसांना एकाच ओळख क्रमांकावर चालणारे साडेतेरा हजार फोन सापडले. ते फूटपाथवरचे नव्हते. एका बड्या, नामांकित कंपनीचे होते.

यानंतर कायदे कडक होत गेले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ओळख क्रमांकात फेरफार करणे हा नियमाने गुन्हा ठरला. दूरसंचार साधनांची सक्तीची चाचणी व प्रमाणन १ ऑक्टोबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. चोरीचे व बनावट फोन देशभर अडवणारी केंद्रीय नोंदवही आधी, २०१९ साली, महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात आली आणि मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. ‘केवायएम’ ही अक्षरे व आपला पंधरा आकडी क्रमांक १४४२२ या क्रमांकावर संदेशाने पाठवला तर फोनची जात कळते. ही सोय चांगली आहे आणि कार्यकर्त्यांनी ती गावोगाव सांगावी. चोरीला गेलेला फोन अडवता येणे ही मजुराच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. त्याची महिन्याची मजुरी त्यात असते.

मात्र कोणतीही नोंदवही हाती आली की नोकरशाहीची भूक वाढते. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने फोन कंपन्यांना आदेश दिला की, ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून द्यावे. कारण सांगितले ते हेच: बनावट आणि दुहेरी क्रमांकांचा बंदोबस्त. नागरिकांच्या खाजगी व्यवहारावर पाळत ठेवण्याचे हत्यार म्हणून देशभर ओरड झाली आणि पाच दिवसांत, ३ डिसेंबरला, सक्ती मागे घ्यावी लागली. नकली मालाविरुद्धच्या लढ्याची ध्वजा हातात घेऊन कोण कुठे शिरू पाहतो, याचे हे ताजे उदाहरण.

जागतिक पातळीवर हीच चाल फार मोठ्या प्रमाणावर खेळली गेली आहे. अमेरिका, जपान आदी देशांनी १ ऑक्टोबर २०११ रोजी टोकियोत ‘बनावटविरोधी व्यापार करार’ केला. नाव ऐकून कोणाही सज्जनाने मान डोलवावी. परंतु त्याच्या पोटात निकृष्ट मालाची चिंता नव्हती; चिंता होती बोधचिन्हांची, पेटंटांची, म्हणजे मक्तेदारीच्या नफ्याची. भारताने या प्रयत्नांना जागतिक व्यापार संघटनेत विरोध केला होता, आणि तो अनुभवातून केला होता. डिसेंबर २००८ मध्ये भारतात बनलेली रक्तदाबाच्या औषधाची एक खेप ब्राझीलकडे जात असता वाटेत नेदरलँड्समध्ये अडवण्यात आली. औषध चांगले होते; भारतात त्यावर पेटंट नव्हते, ब्राझीलमध्येही नव्हते. गुन्हा एवढाच की वाटेतल्या देशात कोणी तरी हक्क सांगत होते. भारत व ब्राझील यांनी २०१० च्या मे महिन्यात यावर जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. टोकियोचा करार पुढे युरोपीय संसदेने ४ जुलै २०१२ रोजी ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. युरोपातल्या तरुणांनी रस्त्यावर येऊन तो पाडला, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीतही नाही.

औषधांच्या क्षेत्रात या भांडणातून एक शहाणपण निष्पन्न झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ‘काउंटरफीट’ हा शब्दच आपल्या व्याख्येतून वगळला आणि निकृष्ट व खोटी औषधे एवढेच दोन शब्द ठेवले. बोधचिन्हाचा वाद वकिलांनी न्यायालयात खेळावा. रोग्याला औषध लागू पडते की नाही, हे आरोग्यखात्याने पाहावे, असा तो सरळ भेद आहे. दूरसंचाराच्या जगात मात्र हा भेद अजून झालेला नाही. जिनिव्हाच्या ठरावांच्या शीर्षकात आजही तोच जुना शब्द ठाण मांडून आहे. मक्तेदार कंपन्यांचे हित आणि ग्राहकाचे हित एकाच पोत्यात भरले गेले आहे, आणि पोत्याचे तोंड कंपन्यांच्या हातात आहे.

अंगणवाडीच्या फोनसारखे प्रकरण या चौकटीत बसतच नाही, कारण तिथे फसवणारा फेरीवाला नाही. फसवणारी आहे ती खरेदीची पद्धत: वापरणाऱ्या बाईला न विचारता वरून ठरवलेले यंत्र, आणि ते खरेदी झाल्यावर वाढवलेले काम. काम वाढतच गेले आहे. १ जुलै २०२५ पासून गरोदर व स्तनदा मातांना घरी न्यायचा शिधा देण्यापूर्वी फोनच्या कॅमेऱ्यासमोर त्यांचा चेहरा जुळवण्याची सक्ती झाली. फोटो अंधुक आला, नेटवर्क गेले, यंत्र अडले, तर शिधा अडतो. शहरात बसून हे ठरवणाऱ्याला यात गैरसोय दिसते. डहाणू-तलासरीच्या पाड्यात, जेथे कुपोषण ही दरवर्षीची सरकारी नोंद आहे, तेथे तो पोटाचा प्रश्न आहे. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो मोबाईलवरून पाठवून हजेरी लावण्याची सक्ती झाली, तेव्हा तर सरकारने फोनही दिला नाही. मेटने स्वतःचा आणायचा. त्याचा फोन हलका असला तर वीस बायकांचा दिवस हजेरीपटातून गळतो. अशा वेळी त्या फोनचा शिक्का खरा की खोटा, याने कोणाच्या चुलीला काय फरक पडतो?

या तालुक्यांना मापाचा झगडा नवा नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे वारली जमले आणि वेठ नाकारली, हा इतिहास येथे कोणाला सांगायची गरज नाही. त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या संपात मागणी कशी मांडली गेली होती? ५०० पौंड गवताला अडीच रुपये. म्हणजे मजुरीबरोबर वजनही लिहून मागितले होते. कारण जंगल ठेकेदाराच्या मर्जीचे वजन म्हणजे मर्जीची मजुरी. पुढे देशाने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला, मेट्रिक पद्धत आणली, तालुक्याच्या बाजारात तराजू तपासणारा निरीक्षक आला. तो किती प्रामाणिक हा वेगळा प्रश्न; पण किलोभर तांदुळाला आज कायद्याने एक माप आहे आणि ते तपासायची जागा तालुक्यात आहे. ज्या यंत्रावर आता हजेरी, शिधा, निवृत्तिवेतन आणि बँकेतली मजुरी तोलली जाते, त्या यंत्राचा तराजू तपासणारा निरीक्षक मात्र तालुक्यात नाही, जिल्ह्यातही नाही.

आता समुद्राकडे वळू. झाईपासून डहाणूपर्यंतचा किनारा आणि त्यामागचे पाडे यांतून दर हंगामात शेकडो आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. शेती पावसाळी, रोजगार अपुरा, आणि बोटमालक आगाऊ उचल देतो. ही उचल म्हणजे जुन्या खावटीचीच समुद्रावरची बहीण. पोरबंदर, ओखा, वेरावळ येथून या बोटी सागरी सीमेच्या जवळ मासे मारतात, आणि तेथे रेषा पाण्यावर आखलेली नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात पालघर तालुक्यातील एक मच्छीमार ठार झाला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याचा मृतदेह गावी यायला सुमारे दीड महिना लागला. बोट कोठे न्यायची हे खलाशी ठरवत नाही, तांडेल आणि मालक ठरवतात. पकडला गेल्यावर मात्र तुरुंग सर्वांना सारखा.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान पालघरला आले. वाढवण बंदराच्या ७६ हजार कोटींच्या प्रकल्पाचा पायाभरणी समारंभ होता; ज्या मच्छीमारांची मासेमारी त्या बंदराने धोक्यात येणार ते काळे झेंडे घेऊन किनाऱ्यावर उभे होते. त्याच मंचावरून मच्छीमारांसाठी आणखी एक योजना जाहीर झाली: सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर विनामूल्य बसवायचे. यंत्र भारतीय अवकाश संशोधन संस्थेने विकसित केलेले, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश देणारे. वादळाची सूचना, सागरी सीमेजवळ आल्याचा इशारा, संकटात मदतीची हाक असे त्याचे उपयोग. योजना चांगली आहे, आणि बंदराचा विरोधक म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. उलट अधिक मागावे. कारण ट्रान्सपाँडर कितीही अस्सल असला तरी त्याचा संदेश वाचायचा तो त्याला ब्लूटूथने जोडलेल्या मोबाईलच्या पडद्यावर. साखळीचा तो शेवटचा दुवा कोणाच्या खिशातला? खाऱ्या हवेत तो किती दिवस टिकतो? संदेश कोणत्या भाषेत, आणि वाचणारा एकटा तांडेलच की डेकवरचा वारली खलाशीही? मालकाला सीमेजवळ जायचे असेल तर यंत्र बंद करण्याची मुभा त्याच्या हातात आहे काय? हे प्रश्न तंत्रज्ञांचे नाहीत, कामगार संघटनेचे आहेत.

समुद्रावरील निकृष्ट यंत्रांची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती या साऱ्या आंतरराष्ट्रीय खटपटीतील सर्वांत शहाणी गोष्ट आहे. मोठ्या जहाजांवर स्वयंचलित ओळख यंत्रणा असते. ती आपला नऊ आकडी क्रमांक, ठिकाण आणि वेग अखंड प्रक्षेपित करते. भारतीय नौकांचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात. टक्कर टळावी म्हणून ही व्यवस्था आहे. गेल्या काही वर्षांत तरंगत्या जाळ्यांना बांधण्याच्या स्वस्त तरंगखुणा बाजारात आल्या, ज्या त्याच वाहिनीवरून, मनाला येईल तो क्रमांक लावून प्रक्षेपण करतात. मच्छीमाराला आपले जाळे सापडते. पण जहाजाच्या पडद्यावर जेथे बोट नाही तेथे बोटी दिसू लागतात, आणि खऱ्या लहान बोटीची खूण त्या गर्दीत हरवते. उद्या त्या गर्दीत चिरडली जाणार ती गरिबाचीच होडी. अमेरिकेच्या संचार आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये विकणारे आणि वापरणारे अशा दोघांनाही दंडाची ताकीद दिली. इथपर्यंत मार्ग नेहमीचाच. परंतु २०१९ साली शर्म अल शेख येथील जागतिक रेडिओ परिषदेने पुढचे पाऊल टाकले: मच्छीमाराची गरज खरी आहे हे मान्य करून अशा तरंगखुणांना १६०.९ मेगाहर्ट्झ ही वेगळी वाहिनी नेमून दिली. जहाजांची वाट मोकळी झाली आणि जाळ्यालाही कायदेशीर जागा मिळाली. केनियाने १९ लाख फोन बंद केले त्यापेक्षा ही रीत निराळी. तेथे गरज नाकारली गेली, येथे तिला जागा करून देण्यात आली.

बिनतारी हातसंचांबाबत आपल्याकडे अजून नुसता बंदोबस्तच आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा ऑनलाईन विक्रेत्यांना, परवाना व प्रमाणन यांचा उल्लेख न करता वॉकीटॉकी विकल्याबद्दल नोटिसा दिल्या. अशा मालाच्या जाहिराती १६,९७० भरल्या. पोलिसांच्या व बचाव पथकांच्या लहरींत हे संच घुसतात, म्हणून कारवाई योग्यच होती. परंतु ४४६ मेगाहर्ट्झच्या एका अरुंद पट्ट्यात कमी शक्तीचे संच २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात, हे कोणत्या मच्छीमार सोसायटीला कोणी सांगितले?

आणि जमिनीवरचे संकट तर या तालुक्यांच्या पायाखालीच आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले आणि लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. भूकंप केव्हा होणार याचे भाकीत कोणतेच यंत्र करू शकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाही तर अफवांना वाव मिळतो. पण अतिवृष्टी, चक्रीवादळ, धरणाचा विसर्ग यांची सूचना देता येते. त्यासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये नियम झाले की, मनोऱ्याच्या टप्प्यातील सर्व फोनवर एकदम वाजणारा आपत्ती-इशारा ज्या फोनला घेता येत नाही असा नवा फोन विकता येणार नाही. नियम उत्तम. मात्र पाड्यात जो तिसऱ्या हाताने आलेला फोन आहे, त्याला हा नियम लागू नाही. तो वाजणार नाही, आणि न वाजल्याची तक्रार कोणी करणार नाही, कारण न आलेल्या इशाऱ्याची कोणाला खबर नसते.

म्हणून कामाची दिशा काय असावी? पहिली मागणी सरकारी खरेदीविषयी. अंगणवाडी, ग्रामपंचायत, रेशन दुकान, रोजगार हमी यांसाठी जे यंत्र घेतले जाते त्याची चाचणी डोंगरपाड्यातल्या सिग्नलवर, वापरणाऱ्या बाईच्या हातात व्हावी, आणि चाचणीचा निकाल प्रसिद्ध व्हावा. यंत्र अडले तर शिधा वा मजुरी अडणार नाही, कागदी नोंद ग्राह्य धरली जाईल, असा लेखी आदेश हवा. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला पेसा कायद्याने जे अधिकार आहेत, त्यांच्या बळावर हा ठराव करता येईल. दुसरी मागणी विक्रेत्याविषयी: बनावट फोन बंद करायचा असेल तर त्याची किंमत विकणाऱ्याकडून वसूल व्हावी. ग्राहकाकडे पावती नसते म्हणून तो हरतो. तेव्हा आठवडे बाजारात पावतीचा आग्रह धरणे हेही कार्यकर्त्याचे काम आहे, मग ते कितीही किरकोळ वाटो.

तिसरे काम लगेच करता येण्याजोगे आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत खलाशी गावी असतात. त्या दोन महिन्यांत पाडावार यादी करावी: कोण कोणत्या बंदरातून, कोणत्या नोंदणी क्रमांकाच्या बोटीवर जातो, तिच्यावर ट्रान्सपाँडर बसला आहे काय, तो चालू राहतो काय, घरी कोणाकडे फोन आहे. ही यादी कोणा कंपनीच्या किंवा खात्याच्या हवाली करू नये. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक खलाशाच्या घरी राहावी. उचल घेण्यापूर्वी मालकाला विचारायचा पहिला प्रश्न मजुरीचा आणि दुसरा यंत्राचा असावा. ऑगस्टमध्ये बोटी निघायच्या आत तलासरीच्या किनारपट्टीतील पाड्यांपासून सुरुवात केली, तर नारळी पौर्णिमेपर्यंत पहिली यादी हाती येऊ शकेल.